टीबीची गोळी मध्येच सुटू नये म्हणून: औषध दुकानदारासाठी टप्प्याटप्प्याने

"गोळ्या वेळेवर घेताय ना?" या प्रश्नाला माझ्या काउंटरवर आजवर एकाही पेशंटने "नाही" असं उत्तर दिलेलं नाही. मान हलते, "हो हो" होतं, आणि पिशवीतली पट्टी बाहेर काढली की आठवडाभराच्या गोळ्या तशाच दिसतात. माणूस खोटारडा नसतो. प्रश्नच असा असतो की "हो" म्हणणंच सोपं जातं.

दुसरी चूक आपण फार्मासिस्ट अगदी मन लावून करतो. पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकतो: सहा महिने, दुष्परिणाम, दारू, आहार, तपासण्या. ज्याला आदल्या दिवशीच टीबी असल्याचं कळलंय, त्याच्या डोक्यात घरच्यांना काय सांगायचं हे चाललेलं असतं. आपली बडबड त्याच्यापर्यंत पोचत नाही. सिंधुदुर्गातल्या बंदराजवळच्या दुकानात बसून मी हळूहळू जो क्रम बसवला, तो खाली देतोय. हा साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या, सहा महिन्यांच्या उपचारासाठी आहे. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा पेशंट आला तर त्याचं समुपदेशन टीबी युनिटशी (सरकारी टीबी कार्यालयाशी) बोलूनच करा.

## तयारी: पेशंट येण्याआधी

आमच्याकडे औषधाचं दुकान म्हणजे एसटीची वाट बघण्याची जागा. चार जण सावलीला उभे असतात आणि चारही जण पेशंटला ओळखतात. म्हणून आधी जागा ठरवा. काउंटरच्या कडेला, फ्रीजच्या आडोशाला एक खुर्ची पुरते. तिथे बसवून बोलताना "टीबी" हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही, "तुमच्या रोजच्या गोळ्या" एवढं म्हटलं की कळतं. लग्नाची मुलगी असलेल्या घरात ती एक मोठ्याने बोललेली ओळ उपचार बंद पाडू शकते.

हाताशी हे असू द्या:

- वजनकाटा.
- शेड्यूल एच१ची नोंदवही. टीबीची औषधं या यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, नोंद ३ वर्षं ठेवायची.
- टीबी युनिटचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्या वाडीच्या आशाताई यांचे फोन नंबर एकाच कागदावर. त्याखाली निक्षय (टीबी पेशंटच्या नोंदीची सरकारी यंत्रणा) हेल्पलाइन १८००-११-६६६६.
- मोठ्या चौकटींचं एक कॅलेंडर आणि पेन.

ज्यांना टीबीची औषधं दिली त्यांची माहिती टीबी कार्यालयाला कळवणं मार्च २०१८पासून औषध दुकानांनाही बंधनकारक आहे. बरेच जण हे डॉक्टरांचं काम समजून सोडून देतात. पण नोंद झाली की खासगी डॉक्टरांच्या पेशंटलाही सरकारी औषधं मोफत मिळण्याची वाट उघडते, आणि पैशापायी गोळी सुटण्याचं एक कारण संपतं.

थांबा: पेशंटला फोन करणार असाल तर नंबर कोणाचा आहे ते आधी विचारा. घरातला एकच फोन शेजारच्या मुलाकडे असतो. "फोन केला तर कोण उचलेल? मी काय सांगू?" हे विचारून त्याने सांगितलेलं वहीत लिहून ठेवा.

## टप्पा १: पहिला दिवस, आधी ऐका

बसवल्यावर पहिले दोन प्रश्न: "डॉक्टरांनी काय सांगितलं?" आणि "तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?" मग गप्प बसा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजाराबद्दल क्वचितच येतं. बोटीवर घेतील का, सुनेला कळेल का, मुंबईच्या खोलीत बाकीचे राहू देतील का, असंच काहीतरी असतं. पुढचे सहा महिने गोळी कुठे अडणार, हे त्या उत्तरात बहुतेक वेळा कळतं. ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

त्यानंतर फक्त तीन गोष्टी सांगा.

पहिली, सगळ्या गोळ्या रोज एकाच वेळी, एकत्र. दोन सकाळी, दोन रात्री अशी वाटणी बरेच जण स्वतःच करतात, कारण एकदम चार गोळ्या बघून घाबरतात. वाटून घेतल्या तर रक्तात औषध हवं तेवढं चढत नाही.

दुसरी, लघवी नारिंगी-लाल होईल. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही कधी कधी तसं दिसतं. हे गोळीतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होतं, त्यात धोका नाही. सुरुवातीच्या काळात मी हे एका आजोबांना सांगायला विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी रक्त जातंय समजून गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

तिसरी, कोणताही त्रास झाला तर गोळी स्वतः बंद करायच्या आधी इकडे फोन. फोन नंबर पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

तपासा: "समजलं का?" असं विचारू नका. "घरी गेल्यावर वयनीला कसं सांगाल, मला सांगून दाखवा" असं म्हणा. तीनपैकी जी गोष्ट सुटेल तीच पुन्हा सांगा, बाकी नको.

## टप्पा २: गोळ्यांचा हिशेब त्याच्यासमोर

सरकारी कार्यक्रमात प्रौढांसाठी पहिले २ महिने चार औषधांची एकत्रित गोळी असते (आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल). पुढचे ४ महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची. दोन्हींत रोजच्या गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ला ३, ५० ते ६४ला ४, ६५ ते ७५ला ५, त्यापुढे ६. चिठ्ठी आणि वजन जुळत नसेल तर पेशंटसमोर काही बोलू नका, डॉक्टरांना फोन करा. संख्या बदलण्याचा अधिकार आपला नाही. खासगी चिठ्ठीवर एका दिवसाचं एक पाकीट असं किट आलं तर हा तक्ता तिथे लावू नका.

कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल करा आणि पहिली गोळी कधी घेणार ते त्याच्याकडूनच ठरवून घ्या. "सकाळी" हे उत्तर पुरेसं नाही. सकाळी म्हणजे काय झाल्यावर? पेज खाण्याआधी अर्धा तास, मुलं शाळेच्या गाडीत बसल्यावर, पाणी भरून झाल्यावर. रोज न चुकता होणाऱ्या कामाला गोळी बांधली की घड्याळ लागत नाही. रिकाम्या पोटी औषध चांगलं लागू पडतं. मळमळत असेल तर थोडंसं खाऊन घेतली तरी चालेल. गोळी न घेण्यापेक्षा पेजेबरोबर घेतलेली कधीही बरी.

पावसाळ्यासाठी एक खास सूचना. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठसुद्धा पाझरतं. गोळ्या पट्टीतून काढून बाटलीत भरून ठेवणारे पेशंट खूप आहेत, त्यांना ते करू देऊ नका. पट्टी तशीच, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब.

## टप्पा ३: सातवा-आठवा दिवस, त्रासाची चौकशी

हा फोन किंवा ही भेट चुकवू नका. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, अंग दुखणं हे बऱ्याच जणांना होतं, आणि तेव्हाच "ह्या गोळ्या मला मानवत नाहीत" हे मनात बसतं.

नुसतं "त्रास आहे का?" विचारलं की "नाय" येतं. नाव घेऊन विचारा: मळमळ? भूक? सांधे? हातापायाला मुंग्या? खाज? डोळ्यांना अंधुक? मग वेगळं करा.

घरी सांभाळण्यासारखं: थोडी मळमळ, हलकी सांधेदुखी, नारिंगी लघवी. मुंग्या येत असतील तर पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) लिहून दिलंय का ते चिठ्ठीत बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा.

त्याच दिवशी डॉक्टरकडे: डोळे पिवळे, सतत उलट्या, अन्नाची वासनाच गेलेली, अंगावर पुरळ आणि ताप, नजर अंधुक किंवा लाल-हिरवा रंग ओळखू न येणं. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलणं झालंच पाहिजे.

थांबा: नारिंगी लघवी आणि काविळीची लघवी यांत घोळ होतो, पेशंटचाही आणि आपलाही. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. पांढरा असेल, भूक असेल, तर रंग गोळीचा आहे. पिवळा असेल तर पुढे एक शब्द न बोलता पाठवा. आपल्याकडे काविळीला गावठी औषध देणारे प्रत्येक पंचक्रोशीत आहेत, आणि पेशंट तिकडे आधी जातो. तिथे आठवडा जातो, इकडे यकृताला सूज वाढत राहते. त्याला थेट सांगा: पाला घ्यायचा असेल तर त्याबद्दल नंतर बोलू, आधी रक्ततपासणी.

सोबतची औषधंही आजच विचारा. ॲसिडिटीची पांढरी बाटली गोळीबरोबरच घेतली तर आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्या यांचा परिणाम कमी होतो. हे शेवटचं काउंटरवर विचारणं अवघड जातं. दुकानात बाई असेल तर तिच्याकडून विचारून घ्या, नाहीतर छापील कागद पिशवीत द्या. फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना कळवल्याशिवाय पिशवी देऊ नका.

आता माशांबद्दल. टीबी म्हटलं की आपल्याकडे घरचे पहिलं पथ्य मासे बंद करण्याचं घालतात. खंगलेल्या माणसाचं स्वस्तातलं चांगलं अन्न तेच, तेही तोडून टाकतात, आणि तोंडाला चव नाही म्हणून तो गोळीवर राग काढतो. ताजे मासे खाऊ द्या. सांभाळायचं ते एवढंच: बर्फाशिवाय उन्हात राहिलेला बांगडा, कुपा, तारली नको. असे मासे खराब व्हायला लागले की त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन साठतं, शिजवून ते जात नाही, आणि आयसोनियाझिड चालू असताना शरीराला त्याचा निचरा नीट करता येत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगाला खाज. पेशंटला वाटतं गोळीची ॲलर्जी आली. असं सांगत कोणी आला तर "काल जेवायला काय होतं?" हा प्रश्न विचारून बघा. त्रास जास्त असेल तर अर्थात आधी डॉक्टर.

## टप्पा ४: बरं वाटायला लागलं की

गोळी खरी सुटते ती इथे. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढतं. एक खलाशी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "माका आता बरा वाटता. मगे गोळी कित्याक खावची?" शर्टाच्या खिशातून त्याने पट्टी काढली. फॉइलवर मिठाचा पांढरा थर होता आणि एका रांगेतल्या गोळ्या फुगून फुटल्या होत्या. प्रश्न अगदी रास्त होता. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून" हे त्याचं उत्तर होत नाही.

मी त्याला सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत दाखवतो. मे महिन्यात कातळावर काही जिवंत आहे असं वाटत नाही. मिरगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत सगळं हिरवं. पहिल्या दोन महिन्यांत वरचं गवत जळतं. आत सुस्त पडलेले जंतू राहतात, ते मारायला पुढचे चार महिने लागतात. मध्ये सोडलं तर उगवून येणाऱ्यांवर हीच गोळी चालेल याची खात्री राहत नाही. आमच्या भागात हे कळायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्या भागात भातशेती असेल तर तुमचं उदाहरण वेगळं असेल.

पण पटलं म्हणजे घेतली असं होत नाही. आता हिशेब करा. उरलेल्या गोळ्या घेऊन यायला आधीच सांगून ठेवायचं आणि मोजताना पोलिसासारखं मोजायचं नाही. समजा वजन ४६ किलो, रोज ३ गोळ्या, २८ दिवसांच्या ८४ दिल्या. २५ दिवसांचे डोस झाले असतील तर ९ उरायला हव्यात. १५ उरल्या असतील तर दोन दिवस सुटले. मग विचारा: "दोन दिवस राहिलेत, होतं असं. त्या दिवशी काय झालं होतं?" आपणच "होतं असं" म्हटल्यावर माणूस बोलतो.

आणि जे ऐकू येतं त्यावरच उपाय:

पहाटे तीनला समुद्रावर जातो, पोटात काही नसतं, मळमळतं. त्याची वेळ रात्रीच्या जेवणाआधीवर आणा, पण रोज तीच.

रात्री माडी किंवा गावठी घेतली, म्हणून त्या दिवशी गोळी टाळली. हे फार होतं आणि यात आपलाच हात असतो, कारण "दारू आणि गोळी एकत्र नको" एवढंच आपण ठणकावतो. तो त्यातली गोळी सोडतो. दारूमुळे यकृताला धोका आहेच, तो सांगाच आणि डॉक्टरांनाही कळवा, त्याला कमीपणा न देता. पण "घेतली असली तरी गोळी स्वतःहून सोडायची नाही, मला फोन करायचा" हे वाक्य जोडल्याशिवाय थांबू नका.

सासरी कोणाला माहीत नाही. एका वयनीने गोळ्या तांदळाच्या पिंपात लपवल्या होत्या आणि त्यांचा एकही डोस चुकला नव्हता. त्यांना घरी सांगायचा आग्रह करण्यात अर्थ नव्हता. मात्र लहान मुलं घरात असतील तर त्यांच्या तपासणीचं आशाताईंमार्फत बघावंच लागतं. पाच वर्षांखालची मुलं आधी.

देवळात गाऱ्हाणं घातलंय, कौल मिळालाय, आता बरं होणार. मी कौलाशी भांडत नाही. "देवाने होकार दिलाय, तर गोळीही त्याच्याच नावाने घ्या" म्हटलं की बहुतेकांना चालतं. उपवास करणाऱ्यांना गोळी पाण्याबरोबर घेता येते. रमझानमध्ये खाडीपट्ट्यातले पेशंट सहरीला किंवा इफ्तारला घेऊ शकतात, दिवसातून एकदाच घ्यायची असल्याने अडत नाही. वेळ मात्र महिना सुरू व्हायच्या आधी ठरवा.

आहारासाठी सरकारकडून महिना १,००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४पूर्वी ५०० होते). ते आले नाहीत म्हणून रागाने उपकेंद्राकडे न फिरकणारे आहेत. खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि निक्षयमध्ये नोंद बरोबर आहे का, दोन्ही बघायला मदत करा.

तपासा: दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बेडका तपासणी झाली का? चार औषधांची गोळी बदलून तीनची झाली का? दोन्ही पट्ट्या घरात असतात आणि पेशंट जुन्या संपवायला बघतो. उरलेली जुनी पट्टी त्याच दिवशी बाजूला काढा. वजन पुन्हा घ्या. चांगलंच वाढलं असेल तर गोळ्यांच्या संख्येबद्दल डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ५: गाव सुटण्याआधी

कोकणात गोळी सुटण्याच्या तारखा आधीच माहीत असतात. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि खलाशी बोटीवर जातात. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, मुंबईहून चार दिवसांच्या गोळ्या घेऊन, आणि दहा दिवस राहतात. मेअखेर आंबा संपला की बागांतले नेपाळी राखणदार परत निघतात. दुकानातल्या कॅलेंडरवर या तारखांच्या पंधरा दिवस आधी खूण करून ठेवा आणि त्या त्या पेशंटला तेव्हाच विचारा, निघायच्या दिवशी नको.

बोटीवर जाणाऱ्यासाठी: फेरीचे दिवस अधिक चार दिवसांच्या गोळ्या, कारण वादळात बोट दुसऱ्याच बंदराला लागते. डबा घट्ट झाकणाचा, आत एक प्लॅस्टिक पिशवी. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगायचं की नाही ते पेशंट ठरवेल. उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र केबिनमध्ये सहा जणांबरोबर झोपू नये, त्या फेरीला थांबावं, आणि कधी जायचं ते डॉक्टरांना विचारून.

चाकरमान्यासाठी: निक्षय आयडी आणि गोळीचं नाव लिहिलेला कागद पाकिटात. थोडे दिवस राहणार असेल तर मूळ केंद्रातून जास्त गोळ्या, कायमचा आला असेल तर टीबी युनिटकडून नोंद इकडे वळवून घ्यायची. राखणदाराला डॉक्टरांचं पत्र आणि वाटेपुरत्या नव्हे तर तिकडे पोचून दवाखाना गाठेपर्यंतच्या गोळ्या. त्याच्याशी हिंदीत बोला आणि समजलेलं परत सांगायला लावा.

## टप्पा ६: डोस चुकलाच तर

त्याच दिवशी आठवलं तर तेव्हाच घ्यायचा. दिवस निघून गेला तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढाच, दुप्पट नाही. चुकलेले डोस शेवटी जोडले जातात. सरकारी हिशेबाने पहिले ५६ आणि नंतरचे ११२, म्हणजे १६८ डोस पूर्ण व्हायला हवेत, मग कॅलेंडर काहीही म्हणो. हा आकडा पेशंटला सांगा. "सहा महिने झाले" म्हणून थांबणारे थांबतात ते हा आकडा माहीत नसल्यामुळे.

ठरलेल्या दिवशी गोळ्या न्यायला आला नाही तर दुसऱ्याच दिवशी फोन. उचलला नाही तर आशाताई किंवा पर्यवेक्षकांना कळवा. सलग एक महिना खंड पडला की तो उपचार सोडलेला पेशंट धरला जातो आणि पुन्हा तपासणीपासून सुरुवात होते. असा माणूस दीड महिन्याने येऊन "जुन्याच गोळ्या द्या" म्हणाला तर देऊ नका. रागावूही नका, तो आपल्या पायांनी आलाय. पाणी द्या, बसवा आणि तिथूनच केंद्रावर फोन लावून द्या.

## टप्पा ७: शेवटचे डोस

शेवटच्या पट्टीबरोबर दोन गोष्टी: संपल्यावरच्या बेडका तपासणीची तारीख आणि सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवायची सूचना. पुढे कधी खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबला तर हीच पिशवी घेऊन यायचं. वही उघडा, पहिल्या दिवशी लिहिलेली त्याची काळजी त्याला वाचून दाखवा आणि तिचं काय झालं ते विचारा. मी विचारतो, कारण पुढच्या पेशंटला सांगायला मला ते उत्तर उपयोगी पडतं.